सज्ञान होण्याचे शिक्षण

आपल्या कायद्याच्या दृष्टीने मनुष्य एका रात्रीत शहाणा होतो. अठरा वर्षे पुरी होण्याच्या आदल्या दिवशी तो ‘अज्ञान’ असतो. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो ‘सज्ञान’ ठरतो. हे शब्द आमचे नव्हेत, कोर्टकचेरीतले आहेत; आणि ज्या कोणी ते मराठीत रूढ केले त्याने नकळत एक मोठा विनोद करून ठेवला आहे, असे आम्हांस नेहमी वाटते. १८७२ चा कराराचा कायदा आणि १८७५ चा सज्ञानतेचा कायदा हे दोन्ही एकत्र वाचले म्हणजे अज्ञान मुलाभोवती सरकारने केवढी भक्कम तटबंदी उभारली आहे हे ध्यानात येते. कलकत्त्याच्या धर्मोदास घोष नामक अल्पवयी गृहस्थाने १८९५ साली आपली मिळकत एका सावकारास २०,००० रुपयांच्या कर्जापोटी गहाण लिहून दिली. तो तंटा थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि १९०३ मध्ये तेथे असा निकाल झाला की, अज्ञानाने केलेला करार हा मागाहून रद्द करण्याजोगा नव्हे, तर मुळापासूनच शून्य होय. सावकाराचा पैसा गेला तो गेलाच. वकिलीच्या पहिल्या वर्षात हा निकाल आजही शिकवितात.

ही तटबंदी अठराव्या वाढदिवशी एकदम जमीनदोस्त होते, आणि त्या दिवसापासून तोच मुलगा ज्या कागदावर सही करील तो कागद त्याच्या गळ्यात पडतो. ‘मी वाचले नव्हते’ ही सबब मग कोर्टात सहसा चालत नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ज्या अठरा वर्षांत कायद्याने त्याचा सांभाळ केला, त्या अठरा वर्षांत आईबापांनी, शिक्षकांनी आणि सरकारने त्यास सही करण्यास लायक बनविण्यासाठी काय केले? पोहावयास न शिकविता मुलास नदीपासून दूर ठेवावे, आणि मग एके दिवशी ऐन श्रावणात त्यास डोहात लोटून द्यावे, अशातलाच हा प्रकार नव्हे काय?

यात अतिशयोक्ती आहे असे ज्यास वाटेल त्याने आपल्याच प्रांताचा इतिहास आठवून पाहावा. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी कुणब्यांनी सावकारांची घरेदुकाने गाठली, आणि पाहता पाहता तो वणवा पुणे व अहमदनगर या दोन्ही जिल्ह्यांत पसरला. त्या दंग्यातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, जमावाचा मुख्य रोख सावकाराच्या देहावर नव्हता, त्याच्या दप्तरावर होता. कर्जरोखे हाती घालावे, त्यांची होळी करावी, आणि निघून जावे. ज्या कागदावर आपण नांगराची निशाणी केली त्यात काय लिहिले आहे हे ज्यास कळत नाही, त्याच्यापाशी त्या कागदास उत्तर देण्याचा दुसरा मार्ग तरी कोणता होता? सरकारने चौकशी मंडळ नेमले, आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, आणि कोर्टाने नुसत्या रोख्यावर न जाता त्यामागच्या व्यवहाराचा सगळा इतिहास तपासावा, अशी त्यात तजवीज होती. कुणबी लिहावयास वाचावयास शिकला की ही पीडा समूळ जाईल, अशी त्या काळच्या पुष्कळ सुधारकांची श्रद्धा होती.

त्या गोष्टीस आता दीडशे वर्षे लोटली. मुले लिहावयास शिकली, पदवीधर झाली. मग रोखा गेला कोठे? तो खिशातल्या फोनात येऊन बसला. नांगराच्या निशाणीची जागा ‘मला मान्य आहे’ या चौकोनाने घेतली, आणि त्या चौकोनाच्या वरचा मजकूर पदवीधर मुलगा जितका वाचतो तितकाच सुप्याचा कुणबी आपला रोखा वाचीत होता. सरकार स्वस्थ बसले आहे असे नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली फोनवरून दिल्या जाणाऱ्या कर्जांस नियम लावले. २०२४ च्या ऑक्टोबरपासून तर किरकोळ कर्ज देणाऱ्या बँकांवर व वित्तसंस्थांवर असे बंधन आहे की, व्याज आणि इतर आकार मिळून वर्षास एकंदर किती टक्के पडतात हे त्यांनी एका पत्रकावर, ऋणकोस समजेल अशा भाषेत, लिहून द्यावे. १८७९ चा निबंधक आणि २०२४ चे पत्रक हे एकाच जातीचे उपाय आहेत, आणि दोन्ही स्तुत्य आहेत. पण टक्का म्हणजे काय हे ज्यास उमगले नाही, त्याच्या हाती टक्क्यांचे पत्रक दिले काय आणि मोडी दस्त दिला काय, सारखेच.

कोणी म्हणेल, टक्केवारी आणि व्याज हे विषय शाळेत शिकवितातच. शिकवितात, हे आम्ही नाकारीत नाही. मुद्दल, दर आणि मुदत सांगितली म्हणजे सातवी-आठवीचा मुलगा व्याज काढून देतो. अडचण ही आहे की बाजारात दर कोणी सांगत नाही. बाजारात सांगतात तो हप्ता. दुकानदार म्हणतो, ‘१२,००० ची वस्तू न्या, वर्षास अवघे बारा टक्के, दरमहा १,१२० रुपये टाका की झाले.’ मुलगा शाळेत शिकलेला हिशेब करतो. १२,००० वर बारा टक्के म्हणजे १,४४०, एकूण १३,४४०, भागिले बारा, बरोबर १,१२०. उत्तर जुळले म्हणून तो खूश होऊन सही करतो. पण मुद्दल हप्त्याहप्त्याने फिटत जाते, शेवटच्या महिन्यात तर त्याच्याकडे सावकाराचे जेमतेम हजार रुपये उरलेले असतात, म्हणजे वर्षभरात त्याने सरासरीने साडेसहा हजारच वापरले, आणि व्याज मात्र पुऱ्या बारा हजारांवर भरले, ही गोष्ट त्यास कोणी दाखवून दिलेली नसते. या व्यवहाराचा खरा दर वर्षास एकवीस टक्क्यांच्याही वर जातो. क्रेडिट कार्डाच्या बाकीचेही असेच आहे. ‘दरमहा तीन टक्के’ हे ऐकावयास किती सौम्य वाटते! पण १०,००० रुपयांची बाकी तशीच राहू दिली तर ती वर्षाअखेर १४,२५० च्या पुढे जाते, आणि दोन वर्षांत दुपटीहून अधिक होते. एके काळी मुंबई इलाख्यात हिंदु ऋणकोस दामदुपटीच्या नियमाचा आधार असे. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज सावकारास मागता येत नसे. कार्ड देणाऱ्या बँकेपुढे तो नियम कामाचा नाही. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने अशा व्याजास वर्षाला तीस टक्क्यांची मर्यादा घालून दिली होती. तीही सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या डिसेंबरात उठविली. तो निकाल बरा की वाईट हा वाद आज आम्हांस करावयाचा नाही. ऋणकोने कोर्टाच्या भरवशावर राहू नये, एवढा बोध त्यातून आम्ही घेतो.

जुन्या पंतोजींच्या शाळेची आम्ही तरफदारी करीत आहो असे कोणी समजू नये. तेथे छडी होती, जातिभेद होता, आणि मुलींस दार बंद होते. तथापि तेथे पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे मुखोद्गत करून घेत, आणि ते बाजारासाठी होते. सव्वा शेराला इतके तर पावणेतीन शेराला किती, हे तेथला मुलगा तराजू वर होण्याच्या आत सांगे. नवी शाळा आली, तिने भूगोल आणला, इतिहास आणला, विज्ञान आणले, हा तिचा उपकार. पण तराजूशी असलेला संबंध तिने तोडला. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शाळेत मोडी व बाळबोध यांच्याबरोबर हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आणि नीती व आरोग्य यांचे काही धडे असावेत अशी मागणी होती. सुप्याच्या दंग्यास तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. ज्यांच्या बापांचे रोखे त्या होळीत जळले त्यांच्या मुलांस काय शिकविले पाहिजे, हे जोतीरावांस जितके स्पष्ट दिसले तितके पुढे किती शिक्षणमंडळांस दिसले?

पण शाळेवर सगळा दोष लोटून मोकळे होणे हे आम्हां पांढरपेशांस फार सोयीचे पडते. खरा आडपडदा घरातच आहे. मुलांसमोर पैशाची गोष्ट काढू नये, हा आमच्या घरांतून जणू एक कुळाचारच होऊन बसला आहे. बापास पगार किती, घरभाडे किती, कर्ज किती, हे सोळा वर्षांच्या मुलास विचारून पाहा. त्यास सांगता यावयाचे नाही. त्यास खर्च दिसतो, कर्ज दिसत नाही. थोरल्या बहिणीच्या लग्नात पाचशे पाने उठली, बँड वाजला, हे त्याने पाहिलेले असते. त्या लग्नाचे हप्ते बाप पुढे सहा वर्षे भरीत होता हे त्याच्या कानावर कधी जात नाही. असा मुलगा स्वतःच्या लग्नात सातशे पाने मागतो, तेव्हा बापास त्याच्या अविचाराचे आश्चर्य वाटते! आम्ही विचारतो, यात अविचार कोणाचा? ज्या घरात महिन्याच्या पहिल्या रविवारी आईबाप मुलांस जवळ बसवून ‘इतके आले, इतके वाण्याचे, इतके दुधाचे, इतके हप्त्याचे, आणि इतके शिल्लक’ एवढे मोकळेपणाने सांगतात, त्या घरातील मूल बाजारात हट्ट धरून बसल्याचे आमच्या पाहण्यात फारसे नाही. मुलांस वास्तव सोसत नाही ही आमची समजूत आहे, मुलांची नव्हे.

त्यातच आता पैसा डोळ्यांस दिसेनासा झाला आहे. पूर्वी बापाने खिशातून शंभराची नोट काढली आणि चाळीस परत घेतले, तर साठ गेले हे चार वर्षांच्या मुलासही दिसे. २०१६ नंतर फोनवरून पैसे देण्याची जी पद्धत सुरू झाली तिने व्यवहार सुलभ केला यात संशय नाही. भाजीवालीसही सुट्या पैशांच्या कटकटीतून तिने सोडविले, आणि सुट्याच्या बदल्यात गोळ्या हाती ठेवणाऱ्या वाण्याचा एक छोटासा उद्योग बुडविला, याचे आम्हांस मुळीच वाईट वाटत नाही! पण मुलाच्या दृष्टीने पाहा. बाप फोन पुढे करतो, एक आवाज होतो, आणि वस्तू घरी येते. काही गेले असे दिसतच नाही. ज्याने नाणे हातातून जाताना कधी पाहिले नाही त्यास पैसा संपतो ही कल्पना कोठून यावी? म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, मुलास सात-आठ वर्षांपासून आठवड्यास ठरावीक रक्कम रोख द्यावी. वीस रुपये असोत की शंभर, ती घराच्या ऐपतीची गोष्ट आहे. तिचा जमाखर्च त्याने एका वहीत लिहावा, डाव्या बाजूस जमा, उजव्या बाजूस खर्च, आणि रात्री शिल्लक मोजून ताळा पाहावा. आपल्या वाडवडिलांची रोजकीर्द याहून निराळी नव्हती.

आणि येथे आईबापांची खरी परीक्षा आहे. सोमवारी मिळालेले पैसे मुलाने मंगळवारी पतंगावर उडविले तर बुधवारी त्यास पुन्हा देऊ नयेत. त्याने तोंड वाकडे केले, आजीने पदराआडून दहाची नोट सरकविली, तरी बापाने व आईने आपला नियम मोडू नये. आणि आजीची समजूत घालणे हे मुलाची समजूत घालण्याहून कठीण असले तरी तेही करावे. वीस रुपयांची चूक करण्याची मोकळीक ज्यास आठव्या वर्षी मिळाली नाही, तो ती चूक अठ्ठाविसाव्या वर्षी वीस लाखांची करतो. हिशेब चुकल्याबद्दल मात्र मुलास मारू नये. मार पडेल या भीतीने मूल हिशेब लिहिणे सोडीत नाही, खोटा लिहावयास शिकते. आणि खोटी कीर्द ही मुळीच कीर्द नसण्याहून वाईट, हे ज्यास पटत नाही त्याने दिवाळखोरीच्या कोर्टात एक दिवस जाऊन बसावे.

काटकसर म्हणजे कंजूषपणा, आणि मुलांस पैशाकडे पाहावयास शिकविणे म्हणजे त्यांस लोभी बनविणे, असा आक्षेप घेणारे सज्जन पुष्कळ आहेत. त्यांस आम्ही पैसा फंडाची आठवण देतो. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षास एक पैसा मागितला. एका पैशात काय होते, असे म्हणणारे तेव्हाही होतेच. त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला, आणि स्वदेशी ही व्याख्यानातली गोष्ट कंदिलाच्या काचेच्या रूपाने लोकांच्या घरात आली. पैशास तुच्छ लेखणाऱ्या मंडळींच्या हातून असले कार्य झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. लोभ आणि हिशेब हे एकमेकांचे शत्रू आहेत. झटपट दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याच्या मागे जे लोक धावतात ते लोभी असतात, पण वही ठेवणारे क्वचितच असतात. ठेवीदारांच्या रक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ साली कायदा केला, केंद्राने २०१९ साली केला. दोन्ही कायदे आवश्यक होते. पण फौजदारी कायदा बहुधा पैसा बुडाल्यावर जागा होतो. बँकेतील ठेवीस ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे आणि पतसंस्थेतील ठेवीस ते नाही. फोनवर पैसे घेण्यासाठी पिन द्यावा लागत नाही, द्यावा लागतो तो पैसे देण्यासाठी. फोनवरून कोणास अटक करता येते असे आपल्या कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. ही तीन वाक्ये दहावी झालेल्या प्रत्येक मुलास माहीत असती, तर वकिलांकडे रडत येणाऱ्या किती म्हाताऱ्यांस त्यांच्या नातवंडांनीच वेळेवर सावध केले असते!

पैशाचे झाले, हातांचे काय? भात शिजविणे, बटण लावणे, दिव्याची उडालेली तार ओळखणे, रेल्वेचे तिकीट काढणे, भाजलेल्या हातावर थंड पाणी धरणे, या गोष्टी आमच्या उच्चशिक्षित तरुणांस येत नाहीत, आणि न येण्याची त्यांस लाज वाटत नाही, उलट काहींस थोडा अभिमानच वाटतो. हातकाम हे हलक्या माणसाचे, हा आमच्या जातिव्यवस्थेने दिलेला वारसा इंग्रजी शाळेने पुसला तर नाहीच, त्यास प्रमाणपत्राची चौकट बसविली. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगाच्या द्वारे शिक्षणाची योजना मांडली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिला आकार दिला. त्या योजनेतील काही कल्पना एकांगी होत्या, हे आम्हांस मान्य आहे; पण ती मागे पडली ती त्या दोषांमुळे नव्हे. ज्यांनी तिची स्तुती केली त्यांनी आपली मुले इंग्रजी शाळेत घातली आणि टकळी खेड्यातल्या मुलांच्या हाती दिली, म्हणून ती मागे पडली. पुढे कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचविला. त्याची गत काय झाली हे घरोघरच्या माउलींस विचारा. मुलाच्या कार्यानुभवाची वस्तू रात्री अकरापर्यंत बसून त्याच करीत, आणि गुण मुलास मिळत! याच्या उलट कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले स्वतःचा स्वयंपाक करीत आणि शेतात राबत. तेथे श्रम हा विषय नव्हता, जेवणाची अट होती. फरक पडला तो येथे.

मुलीस स्वयंपाक शिकवावा आणि मुलास व्यवहार, ही वाटणीही आता टाकून दिली पाहिजे, कारण तीत दोघांचेही नुकसान आहे. ज्या मुलास स्वतःपुरते रांधता येत नाही तो परगावी गेल्यावर निम्मा पगार खाणावळीत घालतो आणि पोट बिघडवून घेतो. मुलीचे नुकसान याहून फार मोठे आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदु मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. २००५ साली बाप हयात नसला तरी तो हक्क लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. कायद्याने एवढे केले. प्रत्यक्षात काय घडते? बाप वारल्यानंतर भाऊ बहिणीस बोलावून घेतो, साडीचोळी करतो, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतो. ‘ताई, नुसती सही हवी आहे’ एवढेच तिला सांगितलेले असते. तिने समजून उमजून, भावाच्या मायेने, आपला वाटा सोडला तर तो तिचा अधिकार आहे, आणि त्यात आम्ही बोलणार नाही. पण सातबाऱ्यावर आपले नाव कोठे असते, त्या जमिनीची किंमत काय, सोडलेला हक्क परत मिळत नाही, हे माहीत नसलेली बी.ए. झालेली बहीण ज्या दस्तावर सही करते, तो दस्त आणि नांगराची निशाणी असलेला रोखा यांत आम्हांस काही भेद दिसत नाही. मुलीच्या नावाने सरकारी योजनेत दरवर्षी पैसे भरणारे बाप आता पुष्कळ आहेत. त्यांतील किती जणांनी ते पासबुक मुलीच्या हाती देऊन तिला वाचावयास लावले आहे?

येथे एक गोष्ट न सांगणे अन्यायाचे होईल. हे सर्व अज्ञान आम्ही ज्यांस सुशिक्षित म्हणतो त्यांच्या मुलांत आहे. मंडईत आईशेजारी बसणारी दहा वर्षांची मुलगी सकाळच्या खरेदीचा भाव, दुपारची घट, आणि संध्याकाळी कोमेजलेली मेथी किती खाली द्यावयाची, हे सगळे डोक्यात ठेवून गिऱ्हाइकाशी बोलते. शेतमजुराचा मुलगा धाकट्या भावंडास सांभाळून भाकरी करतो. हीच मुले शाळेत गणितात नापास होतात, तेव्हा दोष कोणाचा मानावयाचा? त्या मुलीस जे येते ते कागदावर कसे मांडावे एवढेच शिक्षकाने तिला शिकवावयाचे आहे. आणि वर्गातील बाकीच्या मुलांस जे येत नाही ते तिच्याकडून शिकवावयाचे आहे. एखाद्या शिक्षकाने एक तास तिलाच फळ्यापाशी उभे करून पाहावे.

शाळेत वेळ नाही, विषय आधीच फार झाले, ही तक्रार खरी आहे; म्हणून नवा विषय, नवे पुस्तक आणि नवी परीक्षा आम्ही मागत नाही. पुस्तक झाले की मार्गदर्शिका निघेल, आणि ‘काटकसरीचे पाच फायदे लिहा’ या प्रश्नाचे उत्तर मुले घोकू लागतील. तसेच हे काम बँकांच्या, विमा कंपन्यांच्या किंवा दलालांच्या प्रतिनिधींवर सोपवू नये, मग त्यांनी शाळेस कितीही दप्तरे फुकट वाटली तरी. बोक्याने दुधाच्या राखणीवर व्याख्यान द्यावे, यात मौज आहे, शिक्षण नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून त्यांस सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ पाठवावे, असे सुचविले आहे. सूचना उत्तम आहे. आमचे म्हणणे, त्यातील चार दिवस तरी पोस्टात, रेशनच्या दुकानात, बाजार समितीत आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जावे. दहा वर्षांवरील मुलास स्वतःचे बचत खाते स्वतः चालविण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून दिली आहे. पोस्टातही ती आहे. मुलाने स्वतः फॉर्म भरावा, चुकला तर फाडून पुन्हा भरावा, रांगेत उभे राहावे, आणि खिडकीमागच्या कारकुनाचा वैताग सहन करावा. घरी वीजबिल आले की कितव्या युनिटापासून दर चढतो हे त्याने शोधून काढावे. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी आली की तिच्यावर लिहिलेल्या रिकाम्या टाकीच्या वजनात १४.२ किलो मिळवून ती काट्यावर टाकावी. आणि तिच्या कड्यावर ‘ए’ ते ‘डी’ यांपैकी जे अक्षर व वर्षाचा आकडा असतो त्यावरून तपासणीची तिमाही उलटून गेली आहे की काय हे पाहावे. यास पुस्तक लागत नाही आणि अनुदानही लागत नाही.

शाळांस आमची एकच विनंती आहे. संचयिका नावाची मुलांची बँक आपल्या पुष्कळ शाळांतून चालत असे. तिचा कारकून मुलगाच, खजिनदार मुलगाच. तिच्या धर्तीवर येत्या जूनपासून प्रत्येक शाळेने वह्या-पेन्सिलींचे एक लहानसे दुकान मुलामुलींच्या हाती द्यावे. भांडवल पालकांनी वर्गणीने द्यावे, घाऊक खरेदीस मुलांनीच जावे, कीर्द आणि खतावणी मुलांनीच लिहावी, आणि दर महिन्याच्या अखेरीस ती सर्व वर्गासमोर मोठ्याने वाचावी. नफा झाला तर त्याचे काय करावयाचे हे मुलांनी सभा भरवून ठरवावे. तूट आली तर मुख्याध्यापकांनी ती आपल्या खिशातून भरून देऊ नये. ती कोणत्या महिन्यात, कोणत्या नोंदीपासून येऊ लागली, हे सापडेपर्यंत वही उघडी ठेवावी.